समुद्र नसलेल्या नगरात प्रवाळ पाळायचे, तर दिवा कोणता?

मंगळासाठी बोटात पोवळे घालणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. सराफाच्या दुकानात मिळणारे ते लाल, गुळगुळीत पोवळे बहुतेक वेळा भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाचा सांगाडा असते, निदान खरे असेल तर. या जातीला उजेडाचे काडीचेही कौतुक नाही. ती खडकांच्या कपारीत, पाण्याखालच्या अंधाऱ्या गुहांत, खोल काळोखात वाढते आणि पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव पकडून पोट भरते.

हल्ली काही घरांच्या दिवाणखान्यात जे रंगीत प्रवाळ दिसू लागले आहेत, त्यांचे नेमके उलटे आहे. त्यांचे पोट उजेडावर चालते. अहिल्यानगर म्हणजे आपल्या सवयीतले नगर. ते समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत, घाटमाथ्यापलीकडच्या पर्जन्यछायेत वसलेले. तरीही मुंबई-पुण्याहून आलेली ही हौस इथवर पोहोचली आहे. पन्नास-साठ लिटरची काचेची टाकी, खारे पाणी, दोन छोटे मासे आणि दगडावर हलणारे चार-पाच प्रवाळ. या टाकीला नॅनो रीफ म्हणतात. ती घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवा कोणता घेऊ? प्रश्न योग्य आहे, कारण या टाकीत दिवा शोभेसाठी नसतो, तो जेवण वाढतो. मात्र त्याचे उत्तर दुकानातल्या खोक्यावर छापलेले नसते.

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही. पण त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहते. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. एका चौरस सेंटिमीटर प्रवाळात असे दहा लाख किंवा त्याहून जास्त भाडेकरू. ते उजेडात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. अनेक प्रवाळांची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत या भाड्यावरच भागते. बदल्यात शैवालाला निवारा मिळतो आणि प्रवाळाच्या शरीरातून टाकले जाणारे नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड मिळतात. म्हणजे आपण प्रवाळ पाळतो असे म्हणत असलो तरी खरे तर त्याच्या आतली शेती सांभाळत असतो.

आणि शेती म्हटली की नगरच्या वाचकाला फार समजवावे लागत नाही. राहाता, संगमनेर, पारनेर भागातले डाळिंब उत्पादक ऐन उन्हात फळांना कागद किंवा कापड गुंडाळतात, बागेवर जाळी टाकतात. ऊन झाडाला हवेच असते, पण एका मर्यादेनंतर तेच ऊन फळाची साल भाजते. प्रवाळातल्या शैवालाचेही तसेच. वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश पडला की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा तुंबते आणि ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होऊ लागतात. त्यांनी प्रवाळाच्या पेशी होरपळतात. शेवटी प्रवाळ आपल्या भाडेकरूंनाच बाहेर काढतो. शैवाल गेले की रंग गेला. पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग किंवा विरंजन म्हणतात. जगभरच्या समुद्रात हे मुख्यतः पाणी तापल्यामुळे होते, आणि उष्णता व प्रखर उजेड एकत्र आले की जास्त वेगाने होते. घरच्या टाकीत ते दिव्याच्या हव्यासानेही होऊ शकते. नवख्याचे प्रवाळ उजेड कमी पडल्याने मरतात हा समज म्हणूनच अर्धवट आहे. आजच्या एलईडींच्या जमान्यात पहिल्या आठवड्यातच भाजून निघण्याचा धोका मोठा.

खोक्यावरचे आकडे

दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे ठळक असतात: वॅट, ल्युमेन, केल्विन. प्रवाळाच्या दृष्टीने तिन्ही अपुरे.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. जुन्या ट्यूबच्या काळात ‘लिटरमागे एक वॅट’ असा ठोकताळा चालायचा. ट्यूब आणि एलईडी यांच्या कार्यक्षमतेत इतका फरक आहे की तो हिशेब आता विसरलेला बरा. ल्युमेनची गंमत वेगळीच. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्याची संवेदना त्याच्या जेमतेम ४ टक्के. प्रवाळातल्या शैवालाला मात्र नेमका तोच निळा प्रकाश हवा असतो. म्हणजे प्रवाळासाठी उत्तम असलेला दिवा ल्युमेनच्या परीक्षेत नापास होतो आणि घराच्या गच्चीवरचा पांढरा फ्लडलाइट पहिला येतो. मोबाइलवर उजेड मोजणारी जी ॲप असतात, ती लक्समध्ये मोजतात. लक्सही डोळ्याचेच माप, त्यामुळे निळ्या दिव्याखाली त्यांचा आकडा दिशाभूल करतो.

केल्विन हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो. दुपारच्या उन्हाची छटा ५५०० ते ६५०० केल्विनच्या आसपास. रीफच्या दिव्यांवर १४,००० किंवा २०,००० लिहिलेले असते, म्हणजे बराच निळा. असे का? समुद्राचे पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पिऊन टाकते. निळा सर्वांत खोल पोहोचतो. कोट्यवधी वर्षे त्या निळ्या जगात वाढलेल्या शैवालाने आपली रंगद्रव्ये त्याच प्रकाशाला जुळवून घेतली. त्यात वनस्पतींमधले हरितद्रव्य आहे, पण जोडीला पेरिडिनिन नावाचे एक खास रंगद्रव्यही आहे, जे निळा आणि निळा-हिरवा प्रकाश टिपते. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठीचा ६५०० केल्विनचा दिवा लावला तर साधे प्रवाळ मरणार नाहीत, पण तपकिरी दिसतील आणि काचेवर नको असलेले शेवाळ माजेल. खूप निळ्या दिव्यात उलट टाकी डिस्को वाटते. मधला मार्ग म्हणजे पांढरा आणि निळा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा दिवा. ही एक सोय इतर दहा सोयींपेक्षा महत्त्वाची.

निळ्या उजेडात प्रवाळ चमकतात, ते त्यांच्यातल्या प्रतिदीप्त प्रथिनांमुळे. निळा प्रकाश शोषून ही प्रथिने हिरवा, नारिंगी, लाल प्रकाश बाहेर टाकतात. जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाच्या शोधाला आणि त्याच्या विकासाला २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हे अनेकांना आठवत असेल. त्याचे लाल भावंड मिळाले ते डिस्कोसोमा नावाच्या मश्रूम प्रवाळात, १९९९ मध्ये. हौशी लोक टाकीत ठेवतात त्याच कुळातला हा जीव. आज कर्करोगाच्या पेशी कुठून कुठे सरकतात, हे प्रयोगशाळेत पाहताना अशा लाल प्रथिनांचा आणि त्यांच्या सुधारित रूपांचा उपयोग होतो.

मग खरे माप कोणते? प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या प्रकाशकणांची मोजदाद. हिला हौशी वर्तुळात ‘पार’ म्हणतात. एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल कण पडले, असा तो आकडा. भर दुपारचे निरभ्र ऊन साधारण २००० भरते. मश्रूम प्रवाळांना ३० ते ८० पुरतात. बटणासारखे दिसणारे झोअँथिड आणि चामड्यासारखे मऊ लेदर प्रवाळ ५० ते १५० मध्ये सुखाने राहतात. २०० ते ३५० ची भूक असते ती फांद्यांच्या कठीण प्रवाळांना, आणि ते आपण घ्यायचेच नाहीत. त्याचे कारण पुढे येते. हा मीटर महाग असतो. एकट्याने विकत घेण्यापेक्षा मोठ्या शहरातल्या एखाद्या जुन्या हौशी माणसाकडून एका दिवसासाठी आणावा, टाकीच्या तळाशी, मध्ये आणि वर आठ-दहा जागी मोजावे आणि ते आकडे वहीत लिहून ठेवावेत. तेवढ्यावर पुढची दोन वर्षे निघतात.

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच अशी टाकी धरली तर मऊ प्रवाळांसाठी ३० ते ५० वॅटचा चांगला एलईडी पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगला की काम भागते. ‘टाकी खोल आहे, जोरदार दिवा घ्या’ असे विक्रेता म्हणाला तर मान हलवावी आणि विषय बदलावा. एवढ्याशा स्वच्छ पाण्यात प्रकाश फार कमी शोषला जातो; उजेड घटतो तो दिव्यापासूनच्या अंतरामुळे आणि तो बाजूला पसरल्यामुळे. त्यामुळे अरुंद झोत टाकणारी भिंगे लहान टाकीत नकोत. मध्ये भाजते आणि कोपऱ्यात अंधार राहतो. रुंद पसरणारा प्रकाश हवा. बाकी पाहायचे ते साधे आहे: मागे ॲल्युमिनियमची जाड जाळी आहे का, खारट वाफेने गंजेल असे उघडे स्क्रू आहेत का, ड्रायव्हर बिघडला तर बदलता येतो का. लिहिलेले वॅट खरे की नाही, हे प्लगमीटरवर दुकानातच कळते. स्वस्त दिव्यांमध्ये ‘१६५ वॅट’ लिहिलेला दिवा प्रत्यक्षात त्याहून बराच कमी खातो, ही सर्रास चाल आहे.

जुने मेटल हॅलाइड दिवे कोणी स्वस्तात देऊ केले तर आपल्या हवामानात घेऊ नयेत. १५० वॅटचा एक दिवा आठ तासांत १.२ युनिट खातो, महिन्याला ३६. त्याची उष्णता निराळी. ५० वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात महिन्याला १२ युनिटवर भागतो. टी-फाइव्ह ट्यूबचा उजेड फार छान, एकसारखा पडतो. पण दर वर्ष-दीड वर्षाने ट्यूब बदलाव्या लागतात आणि नगरमध्ये त्या मिळत नाहीत. म्हणून एलईडीच.

वैशाखातली टाकी

आता दिव्याइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची गोष्ट. प्रवाळांना पाणी २५ ते २७ अंश हवे. २९ च्या पुढे ते त्रासतात आणि ३० च्या वर दिवसेंदिवस राहिले तर वाचत नाहीत. नगरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला टेकतो. बंद खोलीत दुपारी ३३-३५ अंश सहज. मग टाकीचे पाणी कुठे जाणार?

यात दिव्याचा वाटा किती, याचा हिशेब करून पाहू. ४० वॅटचा दिवा आठ तासांत सुमारे ११.५ लाख ज्यूल ऊर्जा सोडतो. ती सगळीच्या सगळी ६० लिटर पाण्यात शिरली आणि बाहेर काहीच गेली नाही, तर पाणी साडेचार अंशांनी तापेल. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त उष्णता दिव्याच्या पाठीमागून हवेत जाते आणि पाणीही सतत थंड होत असते, त्यामुळे वाढ पुष्कळ कमी होते. पण ३० अंशांच्या उंबरठ्यावर एक अंशसुद्धा जीव घेतो.

इथे नगरच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे, जो मुंबईकराला मिळत नाही. टाकीवर झाकण न ठेवता पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरते. माठ आणि कूलरचेच तत्त्व. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जी उष्णता नेते, ती दिवसभर सतत चालणाऱ्या सुमारे २८ वॅटच्या उष्णतेएवढी भरते. म्हणजे ४० वॅटचा आपला दिवा आठ तासांत जी देतो, तिच्या जवळपास दुप्पट. पण पाणी उडते, मीठ उडत नाही. ६० लिटरमधून रोज एक लिटर गेले आणि पाच दिवस कोणी पाहिले नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅमचा खारेपणा ३८ वर पोहोचतो. प्रवाळांना तो झेपत नाही. रोज तेवढेच गोडे पाणी घालावे लागते, तेही आरओचे, कारण नळातले नायट्रेट-फॉस्फेट आणि बोअरच्या पाण्यातले क्षार टाकीत साठत जातात. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवते. हिवरे बाजारने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवला, त्या जिल्ह्यात हे पाणी गटारात सोडणे बरे दिसत नाही. ते फरशी पुसायला, संडासला वापरता येते.

पंख्याने चार अंश उतरले तरी ३५ चे ३१ च होतात. तेव्हा उन्हाळ्यात त्या खोलीत एसी किंवा टाकीला चिलर याची सोय नसेल, तर माझ्या मते ही हौस करू नये. दिवा कितीही उत्तम आणला तरी उपयोग नाही. सोय असेल तरी मे महिन्यात दिव्याची तीव्रता पाव-एक हिश्शाने कमी करावी. समुद्रातही ढगाळ आकाश असले की त्याच उष्णतेत विरंजन कमी झाल्याचे दिसले आहे. शिवाय दिव्याची वेळ बदलावी. बहुतेक लोक दिवा दुपारी लावून रात्री अकराला बंद करतात, कारण पाहायला घरातली माणसे तेव्हा असतात. उन्हाळ्याचे दोन महिने तो सकाळी सातला लावून दोनला बंद केला, तर दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकमेकींवर चढत नाहीत. पाहुण्यांना दाखवायला संध्याकाळी अर्धा तास मंद निळा पुरे.

वीज गेली की काय? घरातला इन्व्हर्टर दिव्याला जोडू नका. एक-दोन दिवस अंधार प्रवाळांना चालतो. पावसाळ्यात समुद्रावर तसाच अंधार असतो. पंप थांबला तर मात्र काही तासांत पाण्यातला ऑक्सिजन संपू लागतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. इन्व्हर्टर पंपाला द्या, नाहीतर मासे नेताना वापरतात तो सेलवरचा हवेचा पंप घरात ठेवा. दिव्याचा टायमरही बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा घ्या. साधा फिरकीचा टायमर वीज गेली तेवढा मागे पडतो, आणि महिनाभरात टाकीत मध्यरात्री सूर्य उगवतो.

मालवणचा तुकडा घरी नको

महाराष्ट्राला प्रवाळ नवे नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, मालवणच्या उथळ समुद्रात ते आहेत. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. पाणी गढूळ, उजेड कमी, तरी पोराइटिस, टर्बिनारिया यांसारख्या जाती तग धरून आहेत. टर्बिनारियाचे वैशिष्ट्य असे की उजेड कमी असेल तिथे तो आडव्या ताटासारखा पसरतो, म्हणजे मिळेल तेवढा प्रकाश झेलता यावा; उजेड भरपूर असेल तिथे उभ्या घड्या घालतो आणि स्वतःवर सावली धरतो. दिव्याची उंची कशी ठरवावी, हे या प्राण्याकडून शिकावे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा अँग्रिया बँक आहे. समुद्रात बुडालेले ते पठार. त्याचा माथा साधारण वीस मीटर खोल. तिथले पाणी नितळ असल्याने एवढ्या खोलीवरही प्रवाळांना पुरेसा निळा उजेड मिळतो.

मालवणच्या प्रवाळांवर विरंजन आणि मरतुक आल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केली आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली. त्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपमध्येही प्रवाळ पांढरे पडले. अशा काळात टाकीत काय ठेवायचे, हा प्रश्न आवडीनिवडीपुरता राहत नाही. आणि तो कायद्याचाही आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण, खडक बांधणारे प्रवाळ आहेत. त्यांच्यासोबत काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत. गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. जिवंतच नव्हे, त्यांचे सांगाडेही यात येतात. म्हणजे तारकर्लीच्या वाळूतून उचललेला पांढरा तुकडा टाकीत सजवणे, किंवा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड विकत घेणे, हे दोन्ही अडचणीचे. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही सायटीस कराराखाली येतो, आणि त्या यादीतल्या जिवंत प्रजाती बाळगणाऱ्यांनी नोंदणी करावी यासाठी केंद्राने २०२४ मध्ये नियम काढले आहेत. विक्रेता ‘सगळे ठेवतात’ म्हणाला, तर ते उत्तर नव्हे. जातीचे शास्त्रीय नाव असलेले बिल मागा. शंका असेल तर वनविभागात विचारा. दगड म्हणून मातीच्या भट्टीत भाजलेले सच्छिद्र तुकडे मिळतात, ते घ्या.

याचा दिव्याशी संबंध आहे, तो असा. कायद्यामुळे फांद्यांचे कठीण प्रवाळ बाजूला पडले की ३५० पारचा दिवा लागतच नाही. मश्रूम, लेदर यांसारख्या मऊ गटांना निम्म्याहून कमी उजेड पुरतो. खर्च, वीज, उष्णता, सगळेच उतरते. ज्याला मोठी, प्रखर उजेडाची टाकी पाहायची आहे, त्याने सार्वजनिक मत्स्यालयात जावे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये याचसाठी सुरू झाले होते.

हात, डोळे, झोप

आरोग्याच्या सदरात प्रवाळांच्या टाकीला जागा देण्याचे खरे कारण इथे आहे. झोअँथिड गटातल्या, विशेषतः पॅलिथोआ या कुळातल्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे विष असते. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआमधून ते वेगळे केले गेले. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत तीव्र विषांपैकी ते एक आहे. त्यावर उतारा नाही. हौशी लोकांना बाधा होते ती बहुधा एकाच प्रकारे. दगडावरचे नको असलेले झोअँथिड काढायचे म्हणून कोणी तो दगड गरम पाण्यात टाकतो, उकळतो किंवा ब्रशने जोरात घासतो, आणि ते तुषार घरभर श्वासात जातात. खोकला, छातीत जडपणा, ताप, तोंडाला धातूची चव. संपूर्ण कुटुंब रुग्णालयात गेल्याची उदाहरणे परदेशांत नोंदली आहेत. म्हणून प्रवाळांचा दगड कधीही उकळू नये. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. कापताना तर नक्कीच. लहान मुले घरात असतील तर हा गट आणूच नये, असे माझे मत. मश्रूम तितकेच देखणे असतात.

दुसरी गोष्ट हाताच्या जखमेची. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोगाच्या जंतूचा दूरचा नातेवाईक मत्स्यालयाच्या पाण्यात असू शकतो. बोटावर चीर असताना हात टाकीत घातला, तर दोन-चार आठवड्यांनी न दुखणारी, न बरी होणारी गाठ उठते. अशी गाठ दाखवायला गेलात की डॉक्टरांना ‘घरी माशांची टाकी आहे’ हे आपणहून सांगा. ते वाक्य निदानाचे कित्येक आठवडे वाचवते. औषधे मात्र काही महिने घ्यावी लागतात.

दिव्याचेही थोडे. निळ्या एलईडीकडे जवळून थेट पाहू नये. तो डोळ्याला मंद भासतो, पण ऊर्जा भरपूर असते. टाकीत हात घालताना दिवा मंद करावा. रात्रीचा निळा उजेड झोपेला मदत करणाऱ्या मेलाटोनिनला दाबतो, म्हणून टाकी निजायच्या खोलीत नको. आणि विजेबाबत आळस नको: खारे पाणी वीज उत्तम वाहते. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ सोडावा, म्हणजे थेंब ओघळला तरी तो झोळाच्या तळाशी गळून पडेल. टाकीच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासावे. दिव्यावर साचणारी मिठाची पांढरी बुरशी दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी, आधी प्लग काढून. त्या मिठाने दिव्याची काचही आंधळी होते.

टाकी सुरू केल्यावर पहिला महिना-दीड महिना पाणी स्थिरावू द्यावे. प्रवाळ आले की दिवा २०-३० टक्क्यांवर आणि सहा तासच. दर आठवड्याला थोडा वाढवत आठ तासांवर थांबावे. त्यानंतर सांगायचे काम प्रवाळ करतात. मश्रूम देठ ताणून दिव्याकडे लांबू लागला, तर उजेड कमी आहे. तपकिरी पडत गेला तरी बहुधा तेच; उपाशी शैवाल आपली संख्या वाढवते. कडा वर वळवून वाटीसारखा आक्रसला, सावलीकडे सरकू लागला किंवा फिका होत चालला, तर उजेड जास्त. अशा वेळी आधी थर्मामीटर पाहावा, मग दिवा दोन-तीन इंच वर उचलावा, आणि पुढचे दहा दिवस दुसरे काहीही बदलू नये.